पर्यटनाच्या पानावर तिथी आणि भरतीची वेळ हवी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोकण किनाऱ्यावरील गावांत कुठे जेवावे, काय प्यावे आणि काय पाहावे, यासंबंधीची जी माहिती आपल्या दैनिकाच्या पर्यटनाच्या पानावर वेळोवेळी प्रसिद्ध होते, ती मालवणात राहणारी एक वाचक म्हणून मी आवडीने वाचते. त्यात चूक काढण्याजोगे फारसे नसते. ठिकाणे खरी असतात, अंतरे बरोबर असतात आणि लिहिणाऱ्याने ताटाला न्याय दिल्याचेही दिसते. उणीव आहे ती एकाच गोष्टीची, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. ही माहिती बाराही महिने सारखीच लागू पडते असे गृहीत धरून ती छापली जाते. प्रत्यक्षात किनाऱ्यावरच्या गावात ताटात काय पडणार, कोणत्या वेळी किनाऱ्यावर चालता येणार आणि किल्ल्यावर होडी सुटणार की नाही, हे महिना, तिथी आणि भरती-ओहोटी यांवर अवलंबून असते. हॉटेलाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक छापून महिना मात्र गाळला, तर वाचकाला निम्मीच माहिती मिळते, आणि उरलेली निम्मी त्याला इथे आल्यावर हिरमुसले होऊन कळते.

मासळीपासूनच सुरुवात करते, कारण बहुतेक पाहुणे तिच्यासाठीच घाट उतरतात. ‘मालवणी थाळी’ या नावाने आता मुंबई-पुण्यापासून थेट आमच्या बंदर जेटीपर्यंत जे ठरावीक ताट मिळते, त्यात सुरमईची नाहीतर पापलेटची तळलेली तुकडी, लालभडक रस्सा, चपात्या, भात आणि गडद गुलाबी सोलकढी असते. सुरमई, म्हणजे आमच्याकडची इसवण, वाईट मासळी आहे असे कोण म्हणेल? पण मालवणातल्या घरांत ती रोज शिजत नाही आणि पूर्वीही शिजत नव्हती. घरात रोज येतात ते बांगडे, पेडवे, तारल्या, सौंदाळे, कधी कुर्ल्या (खेकडे), कधी तिसरे (शिंपल्या). पाहुण्याला हे बहुधा कोणी विचारत नाही, आणि पुरवणीत वाचलेले नाव मनात पक्के करून तो आलेला असल्यामुळे तोही मागत नाही. परिणामी सुरमई-पापलेटला वर्षभर मागणी राहते, भाव चढतात, आणि ज्या दिवशी ही मासळी बंदरात आलेली नसते त्या दिवशी ती शीतपेटीतून येते. पापलेटला २०२३ साली राज्यमाशाचा मान मिळाला आणि त्याच वर्षी शासनाने ५४ प्रकारच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला, तो उगाच नव्हे. तळहातापेक्षाही लहान पापलेट तव्यावर पडू लागले होते, हे बाजारात जाणाऱ्या प्रत्येक बाईला दिसत होते.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिकी नौकांना मासेमारीची बंदी असते. समुद्र खवळलेला असतो आणि अनेक जातींच्या मासळीचा तो विणीचा हंगाम असतो, ही त्याची साधी कारणे. बिगरयांत्रिकी लहान होड्यांना बंदी लागू नसली तरी त्या दिवसांत त्याही फारशा बाहेर पडत नाहीत. असे असताना जुलै महिन्यात ‘आजची ताजी सुरमई’ असा फलक लावलेला आपण पाहतो. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी एका ठिकाणी हौसेने तीच मागवली. तुकडी काट्यापासून सुटेना आणि चव तर भुश्यासारखी. त्या खानावळवाल्याचा दोष किती आणि जुलैत सुरमईच मागणाऱ्या गिऱ्हाइकाचा किती, हे ठरवणे कठीण आहे. पण त्या गिऱ्हाइकाला आगाऊ सांगणारे कोणी असते तर बरे झाले असते, एवढे निश्चित.

वास्तविक पावसाळ्यात इथे जेवणाचे हाल मुळीच नसतात. उन्हाळ्यात खारवून, सुकवून ठेवलेले बांगडे, सुंगटे (कोळंबी) आणि गोलमा (बारीक जवळा) हीच त्या दिवसांची खरी मासळी. सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून, कुस्करून, ओले खोबरे, कांदा आणि आमसुलाच्या पाण्याबरोबर केलेले किसमूर आणि सोबत उकड्या तांदळाची पेज, हे जेवण एखाद्या खानावळीने पावसाळी ताट म्हणून मांडले तर लोक रांग लावतील, असे मला वाटते. फणसाच्या आठळ्या आणि सुकी सुंगटे यांचे कालवण, पहिल्या पावसानंतर उगवणारी टाकळ्याची भाजी, अळू, ही सगळी जून-जुलैची लेणी आहेत. त्यांचा उल्लेख आपल्या पानावर मी तरी अद्याप वाचलेला नाही, कारण आपले लेखक बहुधा डिसेंबरात येतात.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या नीट बाहेर पडू लागतात आणि मग बांगड्याचे दिवस येतात. बांगड्याचे तिरफळ घातलेले कालवण हा पदार्थ ज्याने खाल्ला नाही त्याने मालवण पाहिले नाही, असे मी पक्षपाताचा आरोप पत्करून म्हणते. त्यात कांदा-लसूण नसतो, गरम मसाला नसतो, फोडणीही नसते. ओला नारळ, सुक्या मिरच्या, थोडे धणे आणि हळद यांचे गुळगुळीत वाटण, आंबटपणाला सोले, म्हणजेच आमसुले, आणि वरून तिरफळे. तिरफळाची काळी बी काढून टाकायची, वरचे टरफल किंचित ठेचायचे आणि ते वाटणात न घालता उकळत्या कालवणात तसेच सोडायचे. वाटले की त्याचा उग्रपणा साऱ्या कालवणाला व्यापतो. अख्खे राहिले तर जिभेला एक थंडसर झिणझिणी येते आणि बांगड्याचा तेलकट वास पार नाहीसा होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात झाडावरची हिरवी तिरफळे मिळतात, तेव्हा हे कालवण सर्वांत सरस होते. ते दिसायला फिके असते, फोटोत उठून दिसत नाही, आणि बहुधा म्हणूनच पर्यटकांच्या ताटातून मागे पडत चालले आहे.

थंडीत आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत कालवे आणि शिनाणे ही खडकांवरची, शिंपल्यांतली मासळी येते. ओहोटी लागली की बायका खडकांवर जाऊन लोखंडी हत्याराने एकेक कालव फोडतात. पाठीवर ऊन, पायाखाली धारदार शिंपले, आणि दोन-तीन तासांनी भरतीचे पाणी वर चढू लागले की काम बंद. बाजारात त्याचे वाटे लावलेले असतात, तेव्हा ते महाग वाटले तरी घासाघीस करू नये, एवढीच विनंती. एप्रिल-मे महिन्यांत कालवणातल्या सोलांची जागा कैरी घेते. त्याच सुमारास ओल्या काजूगरांची उसळ संपत आलेली असते. ती खायची तर फेब्रुवारी-मार्चमध्ये यायला हवे. मांसाहार न करणाऱ्यांनी किनाऱ्यावर आपले काय काम, असे समजू नये. काळ्या वाटाण्याचे सांबारे, घावणे, आंबोळ्या, नारळाच्या रसातले शिरवाळे आणि खापरोळी यांच्यासाठी वेगळा प्रवास करावा इतकी ती चांगली असतात. मात्र शिरवाळे आणि खापरोळी आदल्या दिवशी सांगून ठेवल्याशिवाय सहसा मिळत नाहीत, हेही छापावे.

खानावळ कोणती निवडावी, असे मला बाहेरगावचे नातेवाईक नेहमी विचारतात. नावे सांगणे मी टाळते, कारण स्वयंपाक करणारी बाई बदलली की नाव तेच राहून चव बदलते. त्याऐवजी मी एवढेच सांगते की मेनूकार्ड मागण्याआधी “आज काय आलंय?” असे विचारावे. उत्तरादाखल तीन-चारच नावे आली आणि त्यात आपल्या ओळखीचे एकही नसले, तर बिनधास्त बसावे. दुपारी अडीचला “मासे संपले, आता फक्त अंडाकरी” असे ऐकून परत फिरावे लागले, तर दुसऱ्या दिवशी लवकर त्याच ठिकाणी जावे. सोमवारी आणि श्रावणात कित्येक घरगुती खानावळी मासळी शिजवत नाहीत, हे लक्षात न घेता सोमवारी सकाळी पोहोचणारी कुटुंबे भरड नाक्यावर वणवण फिरताना मी पाहते. आपल्या पानावर एका ओळीत हे लिहिले असते तर त्यांचा दिवस वाचला असता.

आता पेयांविषयी. सोलकढीचा रंग जितका गडद तितकी ती चांगली, असा समज कसा रूढ झाला कोण जाणे. आमसुले भिजवून कोळून काढलेल्या पाण्यात नारळाचा पहिला रस, मिरची, लसूण आणि कोथिंबीर घातली, की येतो तो फिकट, किंचित मळकट गुलाबी रंग. भडक गुलाबी रंग दिसला तर तो बाटलीतून आला आहे, असे खुशाल समजावे. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकतात. त्यांच्या साली उन्हात सुकवायच्या, त्याच फळाच्या रसात पुन्हापुन्हा बुडवून परत सुकवायच्या, म्हणजे सोले तयार होतात. आणि मीठ घालून ठेवलेला रस म्हणजे आगळ. या आगळात पाणी, हिरवी मिरची आणि जिरे घालून केलेली तिवळ नारळाविना असते आणि कडक उन्हात सोलकढीपेक्षाही बरी वाटते. पण हॉटेलात ती क्वचितच मिळते, घरीच प्यायला मिळते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तेव्हा परतताना सरबताच्या बाटल्यांबरोबर आगळाची एक बाटलीही घ्यावी. ती पुढे वर्षभर उपयोगी पडते.

शिरोड्याहून तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात उतरणाऱ्यांना मार्च ते मे या काळात उर्राक मिळते. काजूच्या बोंडांच्या रसाचे ते पहिले ऊर्ध्वपातन असते, आणि पुढच्या ऊर्ध्वपातनातून फेणी होते. गोव्याच्या काजू-फेणीला २००९ साली मानांकन मिळाले. उर्राक मात्र टिकाऊ नसते, तिथेच आणि तेव्हाच प्यायची असते. तिथली बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे, हे पत्रादेवी-बांद्याच्या तपासणी नाक्यावर कळण्यापेक्षा आपल्या पानावर वाचलेले बरे.

खाण्यापिण्यावर लिहिताना हात सैल सुटला, याची मला जाणीव आहे. पण भटकंतीच्या बाबतीत तर तिथीची गरज याहूनही अधिक आहे. आपले दैनिक रोज पंचांग छापते, पण भरतीची वेळ छापत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला ती पंचांगावरूनच काढता येते. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. आणि त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, हाच या हिशेबाचा आधार आहे. वेळ काही मिनिटांनी इकडेतिकडे होते, पण सहल ठरवायला एवढे पुरते. ज्यांना चिवल्याच्या किनाऱ्यावर किंवा रॉक गार्डनच्या खडकांतील डबक्यांत समुद्री जीव पाहायचे आहेत, त्यांनी अष्टमीच्या सुमारास दुपारी बाराला किंवा पौर्णिमेच्या सुमारास संध्याकाळी पाच-साडेपाचला यावे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी अधिक खोलवर हटते, त्यामुळे तेव्हाची ओहोटी पाहण्यासारखी असते. देवबागला कर्ली खाडीच्या मुखाशी जो वाळूचा पट्टा ‘त्सुनामी आयलंड’ म्हणून दाखवला जातो, तोही भरतीला जवळजवळ बुडतो. पूर्ण भरतीच्या वेळी होडीचे पैसे भरून तिथे जाणारी आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून फोटो काढून परतणारी मंडळी पाहून कीव येते. हा किनारा १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेला आहे. खडकावर चालताना प्रवाळ तुडवू नये आणि शंख-शिंपल्यांतला जिवंत जीव घरी नेऊ नये, हेही ओघाने आलेच.

सिंधुदुर्ग किल्ल्याबद्दल नवे सांगण्यासारखे काय असणार? कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याची पायाभरणी झाली आणि १६६७ मध्ये तो पूर्ण झाला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत बारा मराठा किल्ल्यांमध्ये त्याचे नाव गेले आणि गर्दी आणखी वाढली. माझे म्हणणे वेगळेच आहे. होडीवाले परतीची वेळ ठरवून देतात, आणि त्या वेळेत लोक राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वर मंदिर आणि चुन्यातले हाता-पायाचे ठसे पाहून धावत परततात. चारही बाजूंनी खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींत गोडे पाणी कसे, या प्रश्नापाशी थांबायला त्यांना सवड मिळत नाही. अठ्ठेचाळीस एकरांचा किल्ला एका तासात कसा होणार? सकाळची पहिली होडी धरावी आणि परतीसाठी अधिक वेळ आधीच बोलून घ्यावा. पावसाळ्यात ही होडी वाहतूक बंद असते. तेव्हा आलेल्यांनी मोरयाच्या धोंड्यापाशी जावे, जिथे किल्ल्याच्या पायाभरणीपूर्वी पूजन झाले. तिथून लाटा तटावर कशा आदळतात ते दिसते आणि हा कोट समुद्रात का बांधला, ते पुस्तकाशिवाय कळते.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून केलेली मासेमारी, पाहायची तर भल्या पहाटे मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर उभे राहावे लागते, आणि ती रोज लागेलच असे नाही. होडी जाळे सोडत अर्धवर्तुळ घेऊन येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसांच्या दोन रांगा ते ओढू लागतात. रांगा हळूहळू एकमेकींच्या जवळ सरकतात. जाळ्याची झोळी उथळ पाण्यात आली की आधी पाणी खदखदल्यासारखे दिसते, मग चांदीसारखे पेडवे उसळताना दिसतात, आणि बायका टोपल्या घेऊन पुढे होतात. दोर ओढायला हात लावला तर कोणी नको म्हणत नाही. पण एक-दोन मिनिटे दोर धरून फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, असे करू नये. ओढणाऱ्यांची लय बिघडते. रापणीची मासळी वाट्याने वाटली जाते, त्यामुळे तिथेच विकत मागितली तर कधी मिळते, कधी मिळत नाही.

मालवणला गर्दी फार वाटते त्यांनी वेंगुर्ल्याला जावे. बंदर, टेकडीवरचे दीपगृह, सतराव्या शतकातील डच वखारीचे अवशेष आणि सकाळची बाजारपेठ, एवढे पायी पाहून होते. काजू आणि आंब्यात रस असणाऱ्यांना १९५७ पासून काम करत असलेले तिथले फळ संशोधन केंद्र माहीत असायला हवे. पुढे शिरोड्याला १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला. तिथली मिठागरे उन्हाळ्यात पाहावीत. पावसात तिथे नुसते पाणी असते. उत्तरेकडे जायचे तर दापोली तालुक्यातील हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो. समोर सुवर्णदुर्ग आणि किनाऱ्यावर एकच गलबला. तिथे मध्ये उभे राहून टोपल्यांची वाट अडवू नये, कडेला राहिले तरी सगळे ऐकू येते.

आणखी एक राहिले. कार्तिकी पौर्णिमेपासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि रात्रभर दशावतारी नाटके चालतात. तिकीट नसते, मंडपात खाली बसायचे, आणि बाहेर खाज्याच्या ढिगाऱ्यांपाशी गरम चहा. बेसनाच्या कांड्यांवर गूळ-आल्याचा पाक चढवलेला हा खाजा दुकानातल्या पाकिटातल्यापेक्षा जत्रेतच चांगला लागतो. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख मात्र आधी कोणालाच सांगता येत नाही, ती देवीचा कौल घेऊन ठरते. तेव्हा त्यासाठी हॉटेलाचे आरक्षण सहा महिने आधी करण्याचा उत्साह दाखवू नये.

महोदय, माझी मागणी मोठी नाही. आपल्या पर्यटनाच्या पानावर प्रत्येक गावाच्या मजकुराखाली तीन ओळी असाव्यात: हा मजकूर कोणत्या महिन्यात लिहिला, त्या महिन्यात बाजारात कोणती मासळी आणि कोणती फळे असतात, आणि त्या आठवड्यातील भरतीची वेळ काय. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले आपले वार्ताहर हे सहज देऊ शकतील. शक्य असल्यास मे महिन्याच्या अखेरीस, मासेमारी बंद होण्यापूर्वी, पावसाळ्यात किनाऱ्यावर काय खावे आणि काय पाहावे, यावर एक स्वतंत्र लेख द्यावा. त्यासाठी किसमुराची आणि आठळ्यांच्या कालवणाची कृती आमच्या शेजारणींकडून लिहून घेऊन मी पाठवू शकेन. पानावर जागा अपुरी पडली तर हॉटेलांची छायाचित्रे एक-दोन कमी करावीत, पण भरतीची वेळ गाळू नये.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक
धुरीवाडा, मालवण, जि. सिंधुदुर्ग